लाडू जेवला का?

लाडू हा आमच्या घरातला अजगर. इंग्लंडात याला रॉयल पायथन म्हणतात, अमेरिकेत बॉल पायथन. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करतो, म्हणून तिकडे ‘बॉल’ आणि आमच्याकडे लाडू. नाव लेकीनं ठेवलं. लांबी साडेतीन-चार फूट, वजन दीड किलोच्या आत, विष अजिबात नाही. मूळ पश्चिम आफ्रिकेतलं, घाना-टोगो-बेनिनकडचं.

या लाडूनं आमच्याकडे आल्यावर दोनदा जेवून मग १६८ दिवस काही खाल्लं नाही. त्या काळात मी रात्री-बेरात्री जे शोधत होते ते मराठीत मिळालं नाही, म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे. आम्ही इंग्लंडात रेडिंगजवळ राहतो, त्यामुळे कायदेकानू इथले. हे वाचून महाराष्ट्रात कुणाच्या घरी हट्ट सुरू झाला तर आधीच सांगते: भारतात देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, मग ती बिनविषारी धामण का असेना. परदेशी जातीचा असेल आणि ‘साइट्स’ (CITES) या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते, ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत. रॉयल पायथन त्या यादीत आहे.

हट्ट आमच्या घरात दोन वर्षं चालला होता. शाळेत कुणीतरी सरडे-साप घेऊन आलं, लेकीच्या गळ्यात एक साप घातला आणि ती घरी आली तीच वेगळी होऊन. मी आधी हसण्यावारी नेलं, मग रागावले, मग अट घातली: सहा महिने रोज वाचायचं आणि मला लिहून दाखवायचं. मला वाटलं होतं दुसऱ्या महिन्यात गाडी दुसऱ्या रुळावर जाईल. तिनं दोन वह्या भरल्या.

माझा नकार सापाला नव्हता. माहेर शिराळ्याकडचं आहे. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला गाडग्यांतून आणलेले जिवंत नाग मी लहानपणी हातभर अंतरावरून पाहिले आहेत. आईनं ओवाळताना ताट माझ्या हातात असायचं. (कोर्टाच्या आदेशानंतर ते थांबलं. बरं झालं असं मला वाटतं, आईला नाही.) नकार होता उंदराला. आई माळकरी, मी जन्मात अंडं फोडलेलं नाही, आणि आता माझ्या फ्रीजरमध्ये वाटाण्याच्या पिशवीशेजारी मेलेले उंदीर ठेवायचे?

शेवटी जून २०२४ मध्ये मी हो म्हटलं. दुकानातून पिल्लू घेण्याऐवजी आश्रयगृहातला, कुणीतरी सोडून दिलेला साप आणायचा हे लेकीनंच ठरवलं. सोळा वर्षांखालच्या मुलांना इथे प्राणी विकता येत नाही आणि मुलाकडे असलेल्या प्राण्याची जबाबदारी कायद्यानं पालकाची असते, म्हणून अर्ज माझ्या नावावर. या जातीला धोकादायक वन्यप्राण्यांचा परवाना लागत नाही. कागदपत्रांचा खरा घोळ झाला तो घरमालकाकडे.

आमच्या भाडेकरारात ‘लेखी परवानगीशिवाय प्राणी नको’ असं कलम आहे. १७ जूनला ईमेल केली, तीन आठवडे उत्तर नाही. मग एजंटाचा फोन आला: मालकांची हरकत नाही, पण प्राण्यासाठी वेगळं दोनशे पौंड डिपॉझिट द्या. २०१९ च्या भाडेकरू-शुल्क कायद्यानं वर्षाला पन्नास हजार पौंडांखालच्या भाड्याला पाच आठवड्यांहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि आमचं आधीच पाच आठवड्यांचं होतं. हे मी नम्रपणे लिहिलं. पुन्हा दहा दिवस शांतता. शेवटी महिना दहा पौंड भाडं वाढवून परवानगी मिळाली, तीही ‘एक साप, पेटीबंद’ अशा शब्दांत. टीप एवढीच की परवानगी लेखी घ्या आणि तिच्यात प्राण्याची जात लिहून घ्या. आश्रयगृहानं तोच कागद पहिल्यांदा मागितला.

पेटी जुनी घेतली, चार फूट लांब, लाकडी, पुढे सरकती काच, ९० पौंडांना. उष्णतेसाठी सिरॅमिकचा दिवा, त्याला जाळी, थर्मोस्टॅट, दोन थर्मामीटर, आर्द्रता मोजायचं यंत्र, लपायला दोन डबे, पाण्याचं जड भांडं, स्वयंपाकघरातला नसलेला वजनकाटा आणि फूटभर लांबीचा चिमटा. सगळं मिळून ३१० पौंड. थर्मोस्टॅटवर काटकसर करू नका, त्याच्याविना दिवा सापाला भाजू शकतो. साप यायच्या आधी पेटी दोन आठवडे रिकामीच तापवत ठेवायची होती. एका टोकाला ३१-३२ अंश, दुसऱ्याला २५ च्या आसपास, आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर. रोज सकाळ-संध्याकाळ आकडे लिहायचे आणि फोटो पाठवायचे. रिकाम्या पेटीचं तापमान घेणाऱ्या आम्हा दोघींना बघून नवरा म्हणाला, “पाहुणा यायच्या आधी एवढी बडदास्त माझ्याही आईची नव्हती.”

घर बघायला आश्रयगृहाच्या बाई आल्या ९ ऑगस्टला, शुक्रवारी. तारीख त्यांनी दिली होती. कॅलेंडर मी नंतर पाहिलं: नागपंचमी. त्या दिवशी आमच्यात चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं वाफवत ठेवली होती. बाईंनी पेटी पाहिली, कुलूप ओढून पाहिलं, वायरी पाहिल्या आणि मग दिंड खाता खाता मला थेट विचारलं, “तुम्ही शाकाहारी. तो आख्खा उंदीर खाणार. तीन महिन्यांनी परत आणून देणार नाही ना?” मी प्रामाणिकपणे सांगितलं की मला माहीत नाही. अर्ज फेटाळला जाईल असं वाटलं. पण त्या म्हणाल्या, “हे उत्तर चालेल.”

३१ ऑगस्टला, शनिवारी, ६० पौंड देणगी भरून लाडू घरी आला. कापडी पिशवीत, पिशवी डब्यात, डबा लेकीच्या मांडीवर. नर, वय साधारण नऊ. ही जात तीस वर्षंही जगते, म्हणजे लेकीचं शिक्षण, नोकरी, घर सगळं होऊन हा असणार आहे. वजन १,४२० ग्रॅम. पाठीवर दोन बोटं लांब पांढरा वण. आधीचा मालक जिवंत उंदीर सोडायचा आणि एका उंदरानं जीव वाचवायला चावा घेतला होता. तो वण पाहिला तेव्हा माझ्यातल्या शाकाहारी वकिलाची निम्मी केस गेली. पेटीत कोंडलेल्या उंदराला पळायला जागा नसते, आणि साप भुकेला नसेल तर उंदीरच त्याला कुरतडतो. मेलेला, गोठवलेला उंदीर दोघांच्याही दृष्टीनं बरा.

नव्या घरात आठवडाभर त्याला हात लावायचा नाही, मग पहिलं जेवण. आठवडा संपत होता ७ सप्टेंबरला. गणेश चतुर्थी! आमचा गणपती दीड दिवसाचा. हॉलमध्ये मखर, मखरात बाप्पा, बाप्पाच्या पायाशी हातात मोदक धरलेला उंदीरमामा, आणि स्वयंपाकघरात फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात झाकणाच्या डब्यात त्याचे चार भाऊबंद. लेक म्हणाली, “आई, पण बाप्पाच्या पोटाला सापसुद्धा आहे.” मुद्दा बिनतोड होता. तरी विसर्जन होऊन घर पुसून झाल्यावर, मंगळवारी, १० तारखेला मुहूर्त ठरला.

उंदीर कसा तयार करायचा ते सविस्तर लिहिते, कारण मला याच पायरीची सर्वात जास्त धास्ती होती. आदल्या रात्री तो बंद पिशवीत, बंद डब्यात, फ्रिजच्या तळाशी ठेवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीसकट कोमट आणि मग गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह कधीही नाही. आतून शिजतो, फुटतो, शिवाय ओव्हनचं काय होतं त्याची कल्पना करा. पोटाला दाबून पाहायचं, आत बर्फ लागता कामा नये. रॉयल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्याला भक्ष्य आधी ऊब म्हणून दिसतं, त्यामुळे उंदीर अडतीस-चाळीस अंशांपर्यंत गरम हवा, डोकं विशेष. यासाठीचं भांडं, चिमटा, कात्री सगळं वेगळं. हातमोजे, साबण, ओट्यावर नाही तर बाथरूममध्ये. गोठवलेल्या उंदरांतून साल्मोनेलाची बाधा होते, गोठवल्यानं तो जंतू मरत नाही.

पिशवी उघडली तेव्हा वास आला ओल्या कुत्र्याचा. मी कसल्यातरी भयंकर वासाची तयारी करून बसले होते, त्यामानानं हा फारच घरगुती निघाला. उंदीर पांढरा होता. पंजे गुलाबी, बोटं सुटी सुटी, मिशा शाबूत. त्या बोटांनी मला धरलं. नवरा, जो बाहेर बिनदिक्कत चिकन खातो, तो खोलीच्या दाराबाहेर उभा राहून “झालं का?” विचारत होता. लेकीचा हात थरथरत होता म्हणून चिमटा मी घेतला.

शेपटीकडून धरून उंदीर डब्याच्या तोंडापुढे हलवला. आधी जीभ बाहेर आली. मग मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे गेली आणि थांबली. पुढचं मी पाहिलंच नाही, इतकं ते झटक्यात झालं. चिमट्याला हिसका बसला, मी ओरडले, आणि पाहते तर उंदराभोवती तीन वेढे. मेलेल्या उंदराला तो दहा मिनिटं आवळत होता. लेक कुजबुजली, “त्याला वाटतंय त्यानंच मारला.” मग वेढे सैल करून त्यानं डोकं शोधलं आणि गिळायला सुरुवात केली. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे जुळलेले नसतात, लवचीक बंधानं धरलेले असतात. एक बाजू पुढे, मग दुसरी, असा तो भक्ष्यावर चालत जातो. मधेच श्वासनलिकेचं तोंड जबड्याच्या तळावरून पुढे येतं, गुदमरू नये म्हणून. शेवटी शेपटी तेवढी ओठाबाहेर राहिली, शेवईसारखी. मग तीही गेली. मोठी जांभई देऊन जबडा जागेवर बसवला आणि लाडू आत जाऊन पडला.

मी बाथरूममध्ये जाऊन तीनदा हात धुतले आणि रडले. का, ते विचारू नका. सुटका होती, किळस होती, त्या गुलाबी बोटांचं वाईट वाटणं होतं आणि त्यातच, कुणीतरी पोटभर जेवलं की मला जे नेहमी वाटतं तेही होतं. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिनं आधी हात जोडले, मग विचारलं, “आणि दूध?” साप दूध पचवू शकत नाही, तहानेनं व्याकूळ असला तरच तोंड लावतो, हे मी तिला पाचव्यांदा सांगितलं. “आसंल,” म्हणाली.

जेवणानंतर ४८ तास हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकतो. दुसरं जेवण २८ सप्टेंबरला, शनिवारी. तेही झालं. मी मैत्रिणींना ‘काही नाही गं, सोपं असतं’ असं सांगायला लागले.

१२ ऑक्टोबरला त्यानं उंदराकडे पाहिलं आणि मान वळवली.

२६ ऑक्टोबरला पुन्हा तेच. ९ नोव्हेंबर, २३ नोव्हेंबर, ७ डिसेंबर. एकदा वितळवलेला उंदीर परत गोठवता येत नाही. दर वेळी कागदात गुंडाळून, दोन पिशव्यांत घालून कचऱ्यात. एकेक सव्वादोन पौंडांचा. पैशांपेक्षा तो जीव फुकट गेल्याचं मला जास्त लागायचं. दिवाळीत चकल्या तळताना मनात येई की घरात एक जण महिनाभर उपाशी आहे. तेव्हा पितृपक्षात लहानपणी गच्चीवर ठेवलेल्या पानाची आठवण यायची. कावळा शिवत नसला की मोठी माणसं हात जोडून कबूल करत जायची: तुमच्या मनासारखं करू, अमक्याचं लग्न करून देऊ, भांडण मिटवू. एका रात्री चिमट्यात उंदीर धरून मीही मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, पेटी मोठी घेऊ, पण खा.

आईकडे दर वेळी नवं कारण तयार असे. “चातुर्मास धरलाय त्यानं.” १२ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला, लाडू उपाशीच. मग म्हणाली, “शिवरात्रीला सोडंल बघ. महादेवाच्या गळ्यातलं जनावर ते.” मी हसले, पण शास्त्रात थोडं असंच लिहिलंय: या जातीचे प्रौढ नर थंडीच्या, विणीच्या काळात महिनोन्महिने अन्न सोडतात, आणि ते बहुतेक वेळा आजारपण नसतं. हे मला पाठ होतं. लेक रोज सांगायची. तरी रात्री दोनला उठून टॉर्च मारून तो श्वास घेतोय का ते बघायची. मी, लेक नव्हे.

इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली, ती फारशी कौतुकाची नाही. लेक परीक्षेहून आली तरी माझा पहिला प्रश्न ‘जेवलीस का’. नवऱ्याशी भांडण झालं की मी न बोलता ताट वाढते. माझ्याकडे माया करायचं दुसरं हत्यारच नाही. आणि हा प्राणी ना हाकेला ओ देतो, ना ओळखीची शेपटी हलवतो. त्यानं जेवणही नाकारल्यावर मी करायचं तरी काय? मग मी अती करत होते. दर तीन दिवसांनी डबा उचलून बघ, उंदीर नाकाशी टेकव, रात्रभर आत ठेवून बघ. त्यामुळे घाबरून तो आणखीच लाडू व्हायचा.

जानेवारीत एका अनुभवी सर्पपालकानं सुचवलं की एकदाच जिवंत उंदीर देऊन बघा, लगेच खाईल. खोटं कशाला सांगू, मी एक रात्र त्यावर विचार केला. २००६ च्या इथल्या प्राणीकल्याण कायद्यात माणसाच्या ताब्यातला उंदीरही संरक्षित प्राणी आहे, त्याला विनाकारण यातना देणं गुन्हा आहे. पण मला थांबवलं कायद्यानं नाही, लाडूच्या पाठीवरच्या वणानं.

त्याऐवजी डॉक्टर गाठला. साधे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर साप बघत नाहीत. सरपटणाऱ्यांचा जाणकार चाळीस मिनिटांवर, वेळ मिळाली अकरा दिवसांनंतरची, २३ जानेवारीची. तपासणी ६८ पौंड, विष्ठेची चाचणी ३५. उपाशी सापाची विष्ठा कुठून आणायची? नशिबानं डिसेंबरात झालेली मी फेकली नव्हती, पण ती जुनी म्हणून बाद झाली. डॉक्टरांनी तिथेच थोडं पाणी वापरून नमुना घेतला. (ताजा नमुना २४ तासांत न्यायचा, हे आधी विचारून घ्या.) तोंड पाहिलं, छातीला यंत्र लावलं, वजन केलं: १,३५० ग्रॅम. म्हणजे पाच टक्के घट. “दहा टक्क्यांच्या वर गेलं तर फोन करा. तोपर्यंत महिन्यातून एकदाच विचारा त्याला, आणि मधे त्याच्या दारात जाऊ नका.” चार दिवसांनी अहवाल आला, जंत नाहीत.

त्यांनी पेटीचे फोटोही मागून पाहिले. आर्द्रता, तापमान ठीक. पण मध्ये मैदान फार मोकळं आहे म्हणाले. हा बिळांत राहणारा साप, उघड्यावर त्याला भीती वाटते. मग लेकीनं बुचाच्या झाडाची साल, प्लॅस्टिकची पानं, पुठ्ठ्याची नळकांडी घालून पेटीचं रान केलं, आणि काचेवर अर्धा कागद लावला. वजन रोज न करता पंधरा दिवसांनी. वहीत ‘खाल्लं/नाही’ हा रकाना मी खोडला आणि लेकीनं तो परत आखला.

फेब्रुवारीत एकदाच विचारलं. नाही म्हणाला. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. आईनं सकाळी फोन केला, मी सांगितलं की आज विचारायचंच नाहीये. ती बराच वेळ गप्प राहिली. तेवढ्यात मी तिला बेनिनमधल्या विदा गावाबद्दल सांगितलं. तिथे अजगरांचं देऊळ आहे, आणि त्यात असतात ते हेच, लाडूच्या जातीचे. “म्हंजे तिकडंबी आपल्यावानी,” म्हणाली, आणि तिचं पुढचं सगळं बोलणं त्या देवळाबद्दलच होतं.

१५ मार्चला, शनिवारी, नेहमीच्या उंदराऐवजी छोटा, चाळीसेक ग्रॅमचा काढला. रात्री साडेदहा, खोलीत अंधार, फक्त बाहेरच्या पॅसेजचा दिवा. डोकं केस वाळवायच्या यंत्रानं गरम केलं. चिमटा या वेळी लेकीच्या हातात होता. मी जिन्यात बसले होते, कारण माझी धाकधूक त्याला कळते असं माझं मत झालं होतं. वजन होतं १,३३० ग्रॅम.

आतून एक ठप्प असा आवाज आला. मग काहीच नाही. दहा मिनिटांनी लेक बाहेर आली, हातात रिकामा चिमटा.

पेटीतल्या रानामुळे खाल्लं, छोट्या उंदरामुळे, अंधारामुळे, की फक्त हिवाळा संपला म्हणून, ते सांगता येणार नाही. आम्ही सगळंच एकदम बदललं होतं. पुढचं जेवण मुद्दाम चौदा दिवसांनी दिलं, तेही छोटंच. इतक्या खंडानंतर एकदम मोठं भक्ष्य ओकून टाकलं जाण्याची भीती असते. मे महिन्याच्या शेवटी त्यानं अखंड कात टाकली, डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट, आणि वजन १,४०० वर आलं. कात लेकीनं वहीत चिकटवली आहे.

उंदरांच्या डब्यावर आता नवऱ्यानं मोठ्या अक्षरात ‘उपासाचे नव्हे’ असं लिहून ठेवलंय, एकदा माझी बहीण साबुदाणा शोधायला गेली होती म्हणून. ऑक्टोबर जवळ आलाय. या वेळी मी उंदरांचं मोठं पाकीट घेतलेलं नाही, दोनच आणलेत.